दोर कधीच सरळ होत नाही

कातळवाडी, ता. पोलादपूर
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय जुल्फी,

परवा सकाळी गिरण सुरू करण्याआधी मी ओढ्यावर गेलो आणि पाळण्याच्या दोरावर काठी मारली. दोर वाजला. नुसता हलला नाही, वाजला. बारीक आणि लांबत जाणारा आवाज, तारेच्या वाद्यातून यावा तसा. पलीकडे देवळाच्या पायरीवर बसलेले कावळे उडाले. मी काठी खाली टाकली आणि आधी देवळाकडे बघून हात जोडले, कारण आपण कुणाची तरी परीक्षा बघितली असं वाटलं. पण त्या सकाळपासून जिवाला चैन नाही. गिरणीवर बसतो, पीठ पडत असतं आणि कानात तो आवाज.

तू दीड-दोन वर्षांत इकडे फिरकला नाहीस म्हणून सगळं लिहितो. गेल्या वर्षीच्या जुलैत ओढ्यावरचा आपला साकव, तो छोटा पूल, वाहून गेला. अलीकडच्या काठावर त्याचा एक खांब तेवढा उरला. गावाने तारेचा दोर आणला, ओढ्यावर आडवा बांधला आणि त्यावर चाकं लावून लोखंडी पाळणा सोडला. धान्य, गॅसच्या टाक्या, सगळं त्यातून जातं. दोर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. गिरणवाल्याला पट्टे-चाकं कळतात, एवढ्यावरून.

घटस्थापनेला काळकाईचा मुखवटा आमच्या घरातून पलीकडे देवळात न्यायचा असतो, हे तुला माहीत आहे. शाळेत असताना तू माझ्याबरोबर नारळ धरून चालायचास. तीन गोष्टी पाळायच्या. मुखवटा घरातल्या माणसाच्या हातावेगळा करायचा नाही. गावची शीव ओलांडायची नाही, म्हणजे मोठ्या पुलावरून फेरा घालून नेता येत नाही. आणि निघाल्यापासून देवीने चढायचं किंवा सपाट जायचं, खाली उतरायचं नाही. घर ते काठ चढण, साकव सपाट, पुढे देवळाच्या पायऱ्या. सगळं बसायचं. मागच्या नवरात्रात आमचा कोंडाजीदादा मुखवटा हातात घेऊन पाळण्यात बसला आणि पाळणा मधे येईपर्यंत दोर चांगला पुरुषभर खाली गेला. वर्षभर गावात जे जे वाईट झालं ते त्या झोलाच्या माथी मारलं गेलं.

या वर्षी गावकीत ठरलं, दोर असा ताणायचा की देवी सरळ रेषेत जाईल. चेन पुली आणली. सगळ्यांत जास्त जोर लावला तो दादानेच. बासष्टीचा माणूस, पण पोरांना मागे सारून ओढत होता. आता दोर सरळ आहे, गाव खूश आहे. तू उभा जन्म यार्डात जड माल उचलायच्या दोरांवर काढलास. मला एवढंच सांग, माणूस बसल्यावरही दोर सरळ राहायला हवा असेल, तर तो किती ताणावा?

वाडीत रेंज नाही आणि फोनवर तू बोलतोस, मी ऐकतो, मागे काही उरत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या अर्शदच्या महाडच्या दुकानात देतो. तो फोटो काढून तुला पाठवील.

तुझा
महिपती


सोहार, ओमान
२३ ऑगस्ट

महिपती, माझ्या भावा,

पत्र मिळालं. आमच्या अर्शदने फोटो काढताना अंगठा मधे ठेवला, त्यामुळे कावळ्यांचं नक्की काय झालं ते मला अंदाजाने वाचावं लागलं. त्याला सांग, महाडमध्ये एवढं दुकान चालवतोस, निदान कागद तरी सरळ धर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत. तो सरळ राहणारच नाही. कितीही ताण. हत्ती लावून ताण.

का ते ऐक. वजन खाली ओढतं. त्याला कुणीतरी वर ओढलं तरच ते लटकत राहील. आता दोर कुठल्या दिशेला ओढू शकतो? ज्या दिशेला तो स्वतः पसरलाय, फक्त त्याच दिशेला. अगदी आडवा असेल तर आडवाच ओढणार. मग वजनाला वर कोण धरणार? थोडा तरी तिरका झाल्याशिवाय दोराला वजन पेलता येत नाही. जेवढा कमी तिरका, तेवढा जास्त जोराने त्याला ओढावं लागतं, कारण त्या जोरातला वरच्या दिशेचा हिस्सा थोडासाच असतो. तुमचा तो सरळ दोर देवीचं वजन नाही पेलत, त्याच्या दोन बाजू आधी एकमेकींना ओढण्यातच दमतायत.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, रात्री उठून शंका काढशील. स्प्रिंगचे दोन काटे घे. आठ फुटांवर दोन खुंट्या, एकेका खुंटीला एकेक काटा, मधे दोरी, दोरीच्या मधोमध दहा किलोची पिशवी. आधी दोरी सैल, मग थोडी थोडी आखूड. प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिही, पिशवी किती फूट खाली आली आणि काटा काय म्हणतो.

मग ओढ्यावर जा. पाळण्यात माणसाएवढं वजन भर, माणूस नको, आणि बरोबर मधे आल्यावर दोर किती दबतो ते मोज. रिकाम्या दोराचा झोल कामाचा नाही. वजन बसल्यावरचा मोज. काठापासून काठापर्यंत अंतर किती आणि दोर किती जाड, तेही लिही.

खतीजाला म्हणालो, महिपती पन्नाशीला गणित शिकतोय. ती म्हणाली, तुम्ही शिकवताय म्हणजे नापास होणार.

जुल्फी


कातळवाडी
३० ऑगस्ट

प्रिय जुल्फी,

भंगारवाल्याकडून दोन काटे आणले आणि गिरणीतच खुंट्या ठोकल्या. पिशवी दोन फूट खाली असताना प्रत्येक काट्यावर अकरा किलो. दोरी आखूड केली, पिशवी एक फुटावर आली, काटा वीसच्या थोडा पुढे. अर्ध्या फुटावर, चाळीस. झोल अर्धा केला की ताण दुप्पट होतो, जुल्फी. वजन तेच, दहा किलो. मी ते तीन आकडे बघत किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. दळण घेऊन आलेली माणसं परत गेली.

दादा दारात येऊन उभा होता.

"काय रे, आता पिठाबरोबर दोऱ्या पण दळतोस काय?"

"दादा, बघ. पिशवी दहा किलोची हाय. काटा चाळीस दाखवतो."

"मग काटा बिघडलाय."

"दुसरा पण तेवढंच दाखवतो."

"मग दोन्ही बिघडलेत. एकाच भंगारवाल्याचे ना?"

लोक हसले. मीही हसलो, काय करणार. पण तो गेल्यावर मी काटे अदलाबदल करून पाहिले. चाळीसच.

रविवारी ओढ्यावर पाळण्यात भाताची दोन पोती घातली. पाळणा धरून एकशे चाळीस किलो, म्हणजे दादा मुखवटा घेऊन पाळण्यात बसला की होईल तेवढं. मधे आल्यावर दोर दीड फूट दबला. काठापासून काठ एकशेवीस फूट. जाडी करंगळीपेक्षा थोडी कमी, आणि दोर गंजलेला आहे.

राहीबाई पलीकडच्या काठावर भांडी घासत होती. आमची चुलतवहिनी, तुला आठवत असेल, तिच्या चिंचेवरून तू एकदा पडला होतास. तिने तिकडूनच हाक मारली, "महिपती, देवीचं वजन करतोस काय रे?" तिने गमतीत विचारलं. मला मात्र ते लागलं. रोज सकाळी घरात काळकाई आईपुढे दिवा लावतो तेव्हा मी काही मागत नाही, नुसता उभा राहतो. हल्ली उभा राहिलो की डोळ्यांपुढे भागाकार येतात. ज्याचा पुरता विश्वास आहे तो असा मोजत बसेल का?

आकडे दिले आहेत. आता तू सांग.

महिपती


सोहार
४ सप्टेंबर

महिपती,

आधी हिशेब, मग बाकीचं.

वजन एकशे चाळीस. दोराच्या दोन बाजू ते वाटून घेतात, म्हणून सत्तर. अर्धं अंतर साठ फूट. झोल दीड फूट. सत्तर गुणिले साठ, भागिले दीड. झोल थोडा असतो तेव्हा एवढं साधं गणित चालतं, तुझ्या काट्यांशीही ते जुळतं, करून बघ.

किती आलं? अठ्ठावीसशे किलो.

पाळण्यात एक म्हातारा आणि एक मुखवटा बसतो, आणि तुझ्या त्या दोराला वाटतं की त्याला एक भरलेला टेम्पो ओढतोय. असा दोर नवाकोरा असताना साधारण साडेतीन हजारांना तुटतो. तुझा गंजलेला. आमच्या यार्डात नियम आहे, सामान उचलायचं तर दोराची ताकद पाचपट पाहिजे. माणूस असेल तर दहापट. तुमचा दोर एकपटीवर येऊन ठेपलाय. तू दोन पोती घातलीस आणि तो तुटला नाही, ही अल्लाची मेहेरबानी समज आणि पुन्हा घालू नकोस.

झोल दहा फूट ठेव. तोच हिशेब कर, सव्वाचारशेच्या आसपास येईल. पण मग देवी दहा फूट खाली जाते आणि तुमचं गाव तुला खाली उतरवतं, ते मला कळतं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. दोर बांधलाय कशाला? पलीकडे कशाला आणि अलीकडे कशाला? तू मापं इंचात लिहिणारा माणूस. हे विसरला असशील असं मला वाटत नाही.

आणि तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. मी रोज पहाटे फज्रची नमाज पढून कामावर जातो आणि कामावर गेल्यावर प्रत्येक गाठ हाताने तपासतो. ज्या दिवशी नमाज जास्त मनापासून झाली त्या दिवशी गाठ कमी तपासली, असं कधी झालं नाही. मला यात काही भांडण दिसत नाही. तुला दिसत असेल तर तू जास्त शिकलेला.

जुल्फी


कातळवाडी
१८ सप्टेंबर

प्रिय जुल्फी,

काल विसर्जन झालं, आज हाताला वेळ मिळाला.

विसरलो नव्हतो. पलीकडे दोर देवळाजवळच्या कातळात ठोकलेल्या कडीला आहे, त्याची काळजी नाही. अलीकडे तो साकवाच्या उरलेल्या खांबाला आहे. त्या खांबाच्या बुडाला चीर आहे. पहिल्या पत्राच्या दिवशीच मी ती पाहिली होती. लिहिलं असतं तर तू लगेच "बंद कर" म्हणाला असतास, आणि मला ते दादाला सांगावं लागलं असतं. दोर बांधायला आजूबाजूला झाड नाही, जमीन भुसभुशीत, आणि पावसात नवा खांब उभा राहत नाही.

पण एक चांगली गोष्ट घडली. तुझं पत्र आल्यावर मी रात्रंदिवस तेच करत होतो. दोन खुंट्या, दोरी, वजन. एकदा पिशवी मधे बांधण्याऐवजी कडीत अडकवली आणि कडी दोरीवर सरकती ठेवली. खुंट्या एका उंचीवर असताना कडी मधोमध येऊन थांबते. मग मी एक खुंटी वर ठोकली. कडी आपोआप खालच्या खुंटीकडे सरकली आणि तिथे थांबली. तिथे दोरीचा दोन्हीकडचा तिरकेपणा सारखा दिसला. खुंटी आणखी वर नेली, कडी आणखी खालच्या खुंटीजवळ. जिथे कडी थांबते ती दोरीची सगळ्यांत खालची जागा. तिथून वरच्या खुंटीकडे न्यायला लागलो की वजन चढतच जातं. कुठेही उतरत नाही.

मी तसाच पीठ लागल्या अंगाने ओढ्यावर पळालो. देवळाच्या मागे तो मोठा कातळ आहे, कडीपासून वीस फूट वर. दोर तिथे नेला आणि थोडा सैल सोडला, तर पाळणा आपल्या खांबापासून जेमतेम दहा फुटांवर थांबणार. म्हणजे अजून काठाच्या दगडांवरच. मुखवटा घेऊन तिथेच बसायचं. तिथून देवी देवळापर्यंत चढत जाईल, आणि निघताना दोरावर आधीच्या ताणाचा आठवा हिस्साच उरेल, मधेही चौथ्या हिश्श्याच्या आत. तू पडताळून बघ, पण मी तीनदा केलंय.

गावकीत हे मांडलं. काटा-बिटा काही काढला नाही. नुसतं म्हटलं, सरळ नेण्यापेक्षा चढत नेऊ. दादाने पुढे सरकून ऐकलं. मग म्हणाला, "मधी थांबणार नाय ना पाळणा?" मी म्हटलं, पलीकडून ओढत राहिले तर नाही थांबणार. "मग करा." तीन दिवसांत दोर कातळावर गेला. ओढायचं काम पलीकडच्या आळीतल्या बायकांनी घेतलं, राहीबाई वहिनी म्होरकी.

तरी खांबाची चीर आहे तिथेच आहे. दादा बसणारच म्हणतो. "माझ्या हातातनं आई सुटायची नाय." त्याच्यापुढे बोलायला जातो आणि दुसरंच काहीतरी बोलून येतो. काल पावसाबद्दल बोललो. मग घरी येऊन पुन्हा आकडे मांडतो. दादाचं वजन पाच किलो कमी धरून बघितलं. झोल एक फूट वाढवून बघितला. खांब किती सहन करील ते काढायची काही रीत आहे का? असेल तर कळव. मी करीन.

महिपती


सोहार
२५ सप्टेंबर

महिपती,

तुझा कातळ पडताळला. एकशे चाळीस किलोला निघताना साडेतीनशे येतात. बरोबर आहे. तू पास झालास, खतीजाला कळवलं.

चिरलेला खांब किती सहन करील हे काढायची रीत नाही. कुणाकडेच नाही. म्हणून त्याच्यावर माणूस लटकवत नाहीत. पाळणा आणि मुखवटा, पंचावन्न किलो, एवढंच जाऊ दे. तेवढ्याला ताण निघताना दीडशेच्याही आत, मधे अडीचशेच्या आसपास राहतो.

आता दुसरं. सोमवारी दादा डोळे तपासायला महाडला आला होता आणि अर्शदच्या दुकानात बसला होता. अर्शदने मला फोन लावून दिला. मी सहज बोलावं तसं म्हटलं, दादा, या वर्षी दोर चांगला केलाय म्हणे. आधी त्याने हो-हो केलं. मग आवाज खाली आला. मागच्या वर्षी पाळणा मधे अडकला होता, तुला आठवतं? ओढायचा दोर चाकात गुंतला होता. तुम्ही काठावर ढोल वाजवत होतात. दादाचे दोन्ही हात मुखवट्यावर. कशाला धरायला हात मोकळा नाही, खाली पाणी, आणि पाळणा गोल फिरत होता. तो मला म्हणाला, "जुल्फिकार, मला वाटलं माझ्या हातनं आई जाते. मी जातो त्याचं नाय, पण आई जाते." वर्षभर झोपेत त्याचे हात मुठी वळतात. घरी वहिनीला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही.

सरळ दोर त्याला देवीसाठी हवा नव्हता, महिपती. त्याला मधे थांबायचं नव्हतं.

मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं. माझा गुन्हा.

तू इतके दिवस दोरीचे प्रश्न सोडवतोयस आणि तुझ्या भावाशी पावसाबद्दल बोलतोयस. पुढचं गणित मला पाठवू नकोस. मी सोडवणार नाही.

जुल्फी


कातळवाडी
४ ऑक्टोबर

प्रिय जुल्फी,

देवी काल पोचली. आधी हे सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी गिरण बंद ठेवली. मागच्या वर्षीचा तो वेळ मला नीट आठवतो. पाळणा मधे होता, दादाने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मी शेजारच्या माणसाला म्हणालो होतो, बघ, कसा नामात गेलाय. ओढायचा दोर माझ्याच हातात होता.

पितृपक्षात त्याच्याशी बोलायचं ठरवलं, आणि रोज पुढे ढकललं. काय बोलणार होतो? दादा, तू घाबरलास ते मला कळलं? ज्याने चाळीस वर्षं आईला हातांवर नेलं, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि खांबाची चीर सांगितली तर तो म्हणणार, चीर मला पण दिसते, तू शिकवू नकोस. अमावास्येला त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याने पान दिलं. पान खाऊन घरी आलो.

घटस्थापनेच्या सकाळी ढोल आला. दादा नवं धोतर नेसून, उपरणं कमरेला बांधून, मुखवटा दोन्ही हातांवर घेऊन चढण चढला. काठाच्या दगडांवर पाळणा उभा होता. मी सांगितलं होतं तिथेच तो आपोआप येऊन थांबला होता. तिथे मी चाकात खीळ घालून ठेवली होती, वेळेआधी सरकू नये म्हणून. दादा पाळण्यात बसला. सगळे म्हणाले, बोला, काळकाई माता की. पलीकडे बायकांनी दोर हातात घेतला.

मी खीळ काढली नाही.

"काढ की रे," दादा म्हणाला.

मी जवळ गेलो. त्याच्या हातांकडे बघितलं. मुखवट्याच्या कडेला त्याची बोटं पांढरी पडली होती, आणि अजून पाळणा हललादेखील नव्हता.

"दादा, उतर."

"काय?"

"उतर खाली. मला भीती वाटते."

ढोल थांबला. मागून कुणीतरी हसलं. "गिरणवाला घाबरला रे!" आणखी दोघे-तिघे हसले. मी मोठ्यानेच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"घाबरलोय. मागच्या वर्षी पण घाबरलो होतो. दोर माझ्या हातात असतो, दादा. तू मधी असलास की माझे हात कापतात. तो खांब चिरलाय, त्याच्यावर मी भावाला लटकवू शकत नाय. माझ्यात नाय तेवढी ताकद. माझ्यासाठी उतर."

जुल्फी, यातलं किती खरं आणि किती त्याच्यासाठी बोललो, हे बोलताना मला ठाऊक होतं. आता ठाऊक नाही. हात खरंच कापत होते.

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं का, की मला कळलंय? सांगता येत नाही. तू त्याला कधी विचारू नकोस. एवढंच म्हणाला, "आणि आई? आई काय एकटी जायची?"

पलीकडून राहीबाई ओरडली. पाण्याच्या आवाजातही तिचं सगळं ऐकू येतं. "काय चाललंय तिकडं? कीर्तन हाय का?"

मी ओरडून सांगितलं, दादा बसणार नाही, आई एकटी येईल, तू घे.

"मग सोडा की! मी काय परकी हाय? या घरची सून हाय मी. पदरात घेते. उन्हं चढली, कवापासनं दोर धरून बसलोय!"

गावातल्या एका-दोघांनी कुरकुर केली. हातावेगळी करायची नाय म्हंजे नाय. त्यांचंही चूक नव्हतं. मलाही तसंच शिकवलेलं आहे. दादाने त्यांच्याकडे बघितलं नाही. मुखवटा पाळण्याच्या फळीवर ठेवला. ठेवताना तो किती वाकला, मी लिहू शकत नाही. कमरेचं उपरणं सोडलं, मुखवट्याभोवती घेतलं आणि दोन टोकं दोन गजांना बांधायला लागला. करकचून ओढलं. मग थांबला आणि मला हळूच विचारलं, "याला किती ढील द्यायची?"

"दोन बोटं."

त्याने दोन बोटं ढील दिली. मग एक पाय काठावर टाकला. मी हात पुढे केला तर त्याने घेतला. पूर्वी घेतला नसता. तो खाली उतरला, पाळणा हलका होऊन थोडा वर उचलला गेला, आणि तो माझ्या शेजारी उभा राहिला, दोन्ही हात रिकामे. काय करावं त्याला कळेना. ते हात तो धोतराला पुसत राहिला.

आमच्या आज्यापणज्यापासून घरातून निघालेली आई देवळात पोचेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या हातात असायची. ते मोडायचं ते माझ्या हाताने मोडणार, हे मला दिसत होतं. मी देवळाकडे बघितलं नाही. मुखवट्याकडे बघितलं. काही मागितलं नाही. दादा म्हणाला, "सोड."

मी खीळ काढली.

तुझा
महिपती